एक्केचाळीस कुंड्यांतून बारा निवडायच्यात. तुम्हाला न सोडवणारं झाड किंवा कोपरा कोणता?

ओंजळभर_माती

सात वर्षं बैठ्या घरात काढली, आता महिन्याभरात तिसऱ्या मजल्यावर जातेय. अंगणाच्या जागी गॅलरी: दहा फूट बाय साडेतीन फूट, तोंड पूर्वेला, ऊन सकाळपासून साधारण अकरापर्यंत. काल झारी खाली ठेवून एकदा सगळं मोजलं. कुंड्या एक्केचाळीस निघाल्या. शिवाय जमिनीतला पारिजातक, कुंपणावरची मधुमालती, नळाजवळचा पांढऱ्या कुमुदांचा टब आणि एक पाय विटेवर टेकवलेला माझा बाक.

घरात वाटाघाटी होऊन बारा कुंड्यांवर तह झालाय. "तेराव्या कुंडीच्या जागी मी उभा राहतो," असं नवरा म्हणतो आणि त्याचं चूक नाही.

अडचण अशी की कागद घेऊन बसले की हात पुढे सरकत नाही. महागाचं झाड, दुर्मिळ झाड असं माझ्याकडे काहीच नाही. जीव अडकतो तो भलत्याच गोष्टींत. पारिजातकाखाली पहाटे सडा पडतो तो केशरी देठ वर करून, पाकळ्या मातीला. अबोलीच्या सुकलेल्या कणसावर पाणी पडलं की बिया टक् टक् उडतात, कधी चष्म्यावर. नळ गळतो तिथे एक बेडूक राहतो, त्याला मी कुठल्या यादीत घालू?

तर सांगा, तुमच्यावर वेळ आली तर काय सोडणार नाही? नुसतं नाव नको, का तेही लिहा. त्यावरून माझं काही ठरेल.

ता. क. कढीपत्त्याच्या कुंडीत पानांवर पक्ष्यांनी घाण केल्यासारखे काळे-पांढरे ठिपके दिसतायत, पानंही कुरतडलेली आहेत. फवारू का काही?

रानजाई

ओंमा, थांबा!! फवारू नका. ती घाण उद्या जागा बदलते का बघा. बदलली तर त्या फुलपाखराच्या अळ्या आहेत. कॉमन मॉरमॉन नाहीतर लिंबाचं फुलपाखरू, दोघंही लिंबूवर्गीय झाडांवर आणि कढीपत्त्यावर अंडी घालतात. लहानपणी अळीचं सोंग पक्ष्याच्या विष्ठेचं असतं, म्हणजे पक्षी तोंड लावत नाही. शेवटची कात टाकली की हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते. काडीने हलकेच डिवचलंत तर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर काढेल आणि उग्र वास सोडेल. एकदाच करून बघा, रोज छळू नका.

कढीपत्ता बोडका झाला तरी परत फुटतो. माझा दोनदा फुटलाय.

बोटभर_रोप

मी या विषयात अगदी नवा, आतापर्यंत नुसता रोमात (वाचनमात्र) होतो. माझ्याकडे तीनच झाडं आहेत, त्यामुळे निवडीचा प्रश्न येत नाही. :) पण एक विचारतो, स्नेक प्लांट यादीत आहे ना? रात्री ऑक्सिजन देतं म्हणे. नासाने सांगितलंय.

कुदळ

आलं नासा. धागा निघून तासही झाला नाही.

निवडुंग

कुदळराव, दमाने घ्या, नवीन आहेत ते.

बोटभर, नासाचा तो अभ्यास खरा आहे, १९८९ सालचा. पण तो झाला बंद पेटीत. पेटीत झाड ठेवायचं, रसायनांची वाफ सोडायची, किती कमी झाली ते मोजायचं. आपलं घर पेटी नसतं. दारं-खिडक्यांतून हवा सतत आत-बाहेर होत असते. असे बरेच प्रयोग एकत्र करून २०१९ साली हिशोब मांडला गेला, तेव्हा असं निघालं की नुसत्या वायुवीजनाने जेवढी हवा साफ होते तेवढी झाडांकडून करून घ्यायची तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. ओंमांच्या गॅलरीत नवराच काय, त्याची सावलीही मावायची नाही.

रात्रीच्या ऑक्सिजनचं मूळ वेगळं आहे. स्नेक प्लांट पाणी वाचवायला रंध्रं रात्री उघडतं आणि कार्बन डायऑक्साइड तेव्हा घेऊन ठेवतं. रात्री आत घेतं, एवढंच खरं. ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतोच. तरीही ठेवा ते झाड, कारण महिनाभर विसरलात तरी रुसत नाही. आणि हो, आता त्याचं शास्त्रीय आडनावही बदललंय, सॅन्सेव्हिएरियाचं ड्रॅसिना झालं.

माझं न सोडवणारं झाड विचाराल तर ब्रह्मकमळ. आपण गच्चीत लावतो ते. नावापुरतंच ब्रह्मकमळ, मुळात तो मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा निवडुंग. हिमालयातलं ब्रह्मकमळ म्हणजे उत्तराखंडचं राज्यपुष्प, ते संपूर्ण वेगळ्या कुळातलं. ज्याला आपण पान म्हणतो तेही पान नव्हे, चपटं झालेलं खोड आहे, म्हणून तर फूल थेट 'पाना'च्या कडेतून येतं.

अकरा वर्षांत माझ्या झाडाने मला दोनदा फसवलंय. कळी खाली लोंबत असते, मग एक दिवस मान वर वळवते आणि फुगते. ती फुगली की त्या रात्री कुठे जायचं नाही. नऊच्या सुमारास टोक सैल होतं. टॉर्च धरून बसलात तर बाहेरच्या अरुंद पाकळ्या हलताना खरंच दिसतात. वास आधी नसतो आणि मग एकदम सगळ्या घरात. सकाळी ओल्या रुमालासारखं लटकलेलं. एका वर्षी "उद्या उमलेल" म्हणून लग्नाला गेलो, दुसऱ्या वर्षी झोप लागली.

पण ओंमा, तुमच्याकडे ते असेल तर कुंडी नेऊ नका. एक पान न्या. कापलेली बाजू चार-पाच दिवस सावलीत सुकू द्या आणि मग खोचा. फुलायला दोन-तीन वर्षं घेईल, पण बारातली एक जागा वाचली.

झारी

निवडुंग, शेवटच्या ओळीसाठी टाळ्या. हिशोब खरं तर असाच मांडायला हवा. आवडतं कोणतं हा प्रश्न नंतरचा. आधी बघा, परत सुरू करता न येणारं कोणतं आहे? पाकिटात मावणारं कुंडीत कशाला न्यायचं?

पानफुटीचं एक पान वहीत घालून न्या, कडेच्या खाचांतून पिल्लं फुटतील. गोकर्णाच्या शेंगा, गुलबक्षीच्या काळ्या बिया, तेरडा, अबोली, सगळं पाकिटात. मनीप्लांटचं पेर ओल्या फडक्यात. झाल्या की नाही सात-आठ कुंड्या कमी?

अवांतर: पानफुटीची गंमत माहितीये का? बेंजामिन हाइन नावाचे वनस्पतीतज्ज्ञ भारतात होते. त्यांच्या लक्षात आलं की हिचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारपर्यंत चव जाते. त्यांचं ते पत्र १८१५ साली छापून आलं. निवडुंगांनी वर सांगितलेला रात्री श्वास घेण्याचा प्रकार तोच. रात्रभर आम्ल साठतं, दिवसा खर्ची पडतं. एका माणसाने जिभेवर ठेवून ते पकडलं! (तुम्ही चाखायला जाऊ नका, पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात.)

ओंजळभर_माती

झारीताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. लगेच उठून पाकिटं काढली. गुलबक्षीच्या बिया गोळा करताना प्रश्न पडला की कुठल्या रंगाच्या झाडाच्या घेऊ? माझ्या एकाच झाडावर पिवळं फूल, गुलाबी फूल आणि अर्धं-अर्धं, असं सगळं येतं.

आणि रानजाई, घाणीने जागा बदलली. सहा आहेत.

झारी

सगळ्यांच्या थोड्या-थोड्या घ्या, गुलबक्षीचा भरवसा नाही. तिने मोठमोठ्यांना कामाला लावलंय. कार्ल कोरेन्स या जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञाने तांबड्या आणि पांढऱ्या फुलांच्या जातींचा संकर केला तर पिढी गुलाबी निघाली, ना आईवर ना बापावर. पुढे १९०९ मध्ये त्यांनीच दाखवलं की पानांवरचा पांढरा-हिरवा चट्टेरीपणा फक्त आईच्या बाजूने येतो. पराग कुठलाही घाला, ज्या फांदीवर बी धरली ती फांदी हिरवी असेल तर रोप हिरवं, पांढरी असेल तर पांढरं. म्हणजे तुमच्याकडे चट्टेरी पानांची फांदी असेल तर तिच्यावरच्याच बिया घ्या.

तिसरा_मजला

नावाप्रमाणे तिसऱ्या मजल्यावरच राहतो, नऊ वर्षं. म्हणून जरा रुक्ष लिहितो, राग मानू नका.

वजन. बारा इंची कुंडी, नेहमीची माती, पाणी घातल्यावर पंचवीस किलोच्या आसपास जाते. बारा कुंड्या म्हणजे तीनशे. त्या कठड्याच्या टोकाला रांगेत न मांडता घराच्या भिंतीकडे मांडा. कठड्याच्या बाहेरच्या अंगाला काही टांगू नका, खाली माणसं चालतात. माती निम्मी करून तिच्यात कोकोपीट आणि कंपोस्ट मिसळलंत तर वजन बरंच उतरतं.

वारा. अंगणातल्या झाडांना वाऱ्याची सवय नसते. पहिल्या महिन्यात माझी जास्वंद रोज दुपारी मान टाकायची. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून घालत गेलो आणि मुळं कुजवली. माती ओली होती, वाऱ्यामुळे पानांतून पाणी उडत होतं त्या वेगाने मुळांना पुरवता येत नव्हतं, एवढंच. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या आणि सुधारली.

पाणी. खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरी असतात. थाळ्या ठेवा, आणि थाळीत साचलेलं पाणी अर्ध्या तासाने ओतून टाका.

अजून एक. कुंडीच्या तळाशी खडी किंवा खापऱ्यांचा थर देऊ नका. "निचरा होतो" म्हणून सगळे देतात, होतं उलटं. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही. वरची माती पुरती भिजल्याशिवाय ते खडीत शिरतच नाही. म्हणजे कुंडीच्या तळाला असणारा चिखलाचा थर तुम्ही उचलून मुळांजवळ आणता. भोकावर जाळीचा तुकडा किंवा एक खापरी पुरे.

कुदळ

तिसरा मजला यांना अनुमोदन. खडीचं मी गेली वीस वर्षं सांगतोय.

आता टबाचं. ओंमाताई, तो टब नेऊ नका म्हणजे नका. चाळीस लिटरचा असेल तर पाण्याचंच वजन चाळीस किलो, माती वेगळी. कुमुदाला पाच-सहा तास कडक ऊन लागतं, तुमच्याकडे सकाळचं कोवळं. फुलणार नाही, नुसती पानं येतील. आणि डास. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही, त्याला स्वच्छ साचलेलं पाणी लागतं. अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

रानजाई

कुदळकाका, टबात गप्पी मासे असले की डास होत नाहीत हो. माझ्याकडे सहा वर्षं टब आहे, एक अळी दाखवा.

कुदळ

मासे आहेत तोवर. मासे मेले, तुम्ही गावाला गेलात, मग? आणि त्या डासाची अंडी पाण्यावर नसतात, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात. भांडं कोरडं पडलं तरी महिनोन्महिने जिवंत राहतात. नुसतं पाणी ओतून उपयोग नाही, आतून घासायला हवं. चाळीस लिटरचा टब दर आठवड्याला कोण घासणार?

रानजाई

मासे असताना घासायचं कशाला पण? अंडी फुटली की अळ्या त्यांच्याच तोंडात जातात. असो. तुमच्याशी वाद घालून मागच्या धाग्यावरही थकले होते. ओंमा, टब शेजाऱ्यांना माशांसकट द्या. फक्त मासे ओढ्या-तळ्यात सोडू नका, तिथल्या माशांच्या मुळावर येतात.

आता माझं उत्तर. माझा न सोडवणारा कोपरा म्हणजे पक्ष्यांसाठी ठेवलेली मातीची परळ. उथळ, मध्ये एक खडबडीत दगड. पाणी दोन बोटं, त्याहून खोल नको, चिमण्या आंघोळीला उतरतात तेव्हा पाय टेकायला हवेत. रोज सकाळी नारळाच्या शेंडीने घासून पाणी बदलते (काका, वाचताय ना?). गंमत अशी की त्यांचा क्रम ठरलेला असतो. बुलबुल जोडीने येतात, एक पितो तेव्हा दुसरा कठड्यावर पहारा देतो. दयाळ एकटाच येतो आणि येताना सगळ्यांना उठवतो. सूर्यपक्षी परळीकडे बघतसुद्धा नाही, त्याला मी झारीने ओली केलेली केळीची पानं लागतात, पानावरून घसरत अंग भिजवतो. हे मी खिडकीच्या आडून बघितलंय, तीन फुटांवरून.

परळीला वजन नाही, ऊन लागत नाही, आणि बारातली जागाही खात नाही.

आणखी एक सांगायचंय, जरा लाज वाटते. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण झाला होता. दात घासायचा जुना ब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन रोज घासायचे. मधूनच काही मोठे, झिपरे, भराभर चालणारे पिठ्या दिसायचे. त्यांना आधी चिरडायचे, म्हटलं हीच यांची राणी. दोन आठवड्यांनी कुठेतरी फोटो बघितला आणि हात गार पडले. ती लेडीबर्ड भुंग्याची पिल्लं होती, क्रिप्टोलेमस. अंगावर पिठ्यासारखंच पांढरं मेण घेऊन त्यांच्यातच फिरतात आणि त्यांनाच खातात. पैसे मोजून सोडतात लोक हे भुंगे, १८९१-९२ मध्ये कॅलिफोर्नियात मुद्दाम नेऊन सोडले होते. आणि मी फुकट आलेले चिरडत बसले. ओळख सोपी आहे: पिठ्या जागचा जेमतेम हलतो, हे पिल्लू तुरुतुरु पळतं आणि आकाराने दुप्पट.

बोटभर_रोप

हे वाचून खाली जाऊन जास्वंदी तपासून आलो. पळणारं काही नाही, मुंग्या मात्र रांगेत आहेत. मुंग्या खातात ना पिठ्याला?

रानजाई

उलट राखतात. पिठ्या गोड चिकट रस सोडतो, मुंग्यांना तो हवा असतो, म्हणून त्या भुंग्यांना हाकलतात. आधी मुंग्यांची वाट तोडा. खोडाला कापडाची पट्टी गुंडाळा आणि तिच्यावर व्हॅसलीन लावा.

पानगळ

उशिरा येतेय. माझ्या मते मधुमालती. ओंमाताई, तुमची जमिनीत आहे म्हणजे ती राहणार, पण फांदी न्या. मी मोठ्या कुंडीत कठड्यावर चढवलीय, छाटत राहिलं की ऐकते.

तिचं मी एकदा बसून लिहून काढलं होतं. संध्याकाळी एका कळीला दोरा बांधला. उमलली तेव्हा पांढरी, तोंड बाहेरच्या बाजूला आणि वास भरपूर. दुसऱ्या दिवशी गुलाबी, मान जरा खाली. तिसऱ्या दिवशी लाल आणि पूर्ण लोंबलेली. पहिल्या रात्री पतंग येतात, लांब सोंडेचे, हवेत तरंगत पिणारे. नंतर दिवसा मधमाश्या, फुलपाखरं. एकाच फुलाच्या दोन पाळ्या! रंफियस नावाच्या माणसाने हिचं नाव क्विस्क्वालिस ठेवलं होतं, लॅटिनमध्ये अर्थ 'कोण? कसं?'. वेल सुरुवातीला झुडुपासारखी वाढते आणि मग अचानक वेल होते, त्यावरून म्हणतात. आता नाव बदलून काँब्रेटम झालं. मला जुनंच आवडायचं.

आणि माझ्या लेकीचं मत मागितलं तर लाजाळू. तिला मी सांगितलं होतं की १७२९ साली द मेरां नावाच्या फ्रेंच माणसाने असंच पानं मिटणारं झाड अंधारात ठेवलं, तरी ते सकाळी उघडत होतं आणि रात्री मिटत होतं. तिने कुंडी कपाटात ठेवली. माझ्या साड्यांच्या कपाटात. रविवारी दिवसभर दर दोन तासांनी दार करकरत उघडायचं. दुपारी बाराला पानं उघडी होती, रात्री आठला मिटलेली. तिने वहीत लिहिलं, "झाडाला घड्याळ आहे." साड्यांना माती.

तिसरा_मजला

दर दोन तासांनी दार उघडलं म्हणजे उजेड गेला आत. प्रयोग बाद. :)

पानगळ

तिला सांगू का? तुम्हीच सांगा. आठ वर्षांची आहे, वाद घालते.

ओंजळभर_माती

सगळ्यांचे आभार. बारा दिवसांनी लिहितेय, खोक्यांमधून डोकं वर काढून.

आधी अळ्या. सहातल्या दोन राहिल्या, बाकीच्यांना कुणीतरी उचललं, बहुधा बुलबुलांनीच. दोन्ही आता हिरव्या आणि करंगळीएवढ्या झाल्यात. काडीने एकदाच डिवचलं. वास... ते असो. एका दिवसात एक फांदी संपवतात. रात्री शांत असताना कुंडीजवळ कान नेला तर पान कातरल्याचा बारीक आवाज येतो असं मला वाटतं. नवरा म्हणतो, तुझा भास आहे.

यादी झाली. झारीताईंचा नियम लावला: परत सुरू करता येईल ते पाकिटात. ब्रह्मकमळाची दोन पानं, पानफुटी, गुलबक्षीच्या तीन पुड्या (चट्टेरी फांदीची वेगळी, वर पेन्सिलने लिहून), गोकर्ण, अबोली, तेरडा, मधुमालतीच्या चार काड्या. एका खोक्यात तेरा झाडं! तिसरा मजला, तुम्ही सांगितलेलं सगळं छापून दाराला लावलंय.

कुंड्यांत मोगरा दोन, जुई, कढीपत्ता, तगर, नऊ वर्षांचा ॲडेनियम, जास्वंद एकच, स्नेक प्लांट (बोटभर, तुमच्यासाठी), नेचा. नऊच झाल्या. तीन जागा रिकाम्या आहेत यावर घरात कुणाचा विश्वास बसत नाही.

टब शेजारच्या काकूंनी घेतला, माशांसकट. बेडूक मात्र नळाशीच. नवीन येणाऱ्या लोकांना सांगून ठेवलंय की नळ दुरुस्त केलात तरी खाली एक पसरट भांडं ठेवा, आणि ते दर आठवड्याला घासा.

राहिला पारिजातक. त्याच्यासाठी काय करू? बिया आहेत, चपट्या, गोल.

निवडुंग

टाका बिया. प्रत्येक चपट्या बोंडात दोन असतात, पूर्ण तपकिरी झालेली घ्या. रोप सावकाश वाढतं, पण अठरा-वीस इंची कुंडीत छाटून ठेवता येतं आणि फुलतंही. सकाळचं ऊन त्याला चालतं. पान मात्र कुंडीतल्या झाडाचंही पॉलिश पेपरसारखंच, कळीचे दिवस आले की हात लावून बघत बसाल. लिनियसने १७५३ साली याला नाव दिलं त्याचा अर्थ 'दुःखी झाड' असा, दिवसा फुलं गाळून उदास उभं राहतं म्हणून. मला ते कधीच पटलं नाही. पहाटे उठणाऱ्याने ठेवलेलं नाव नव्हे ते.

कुदळ

तिन्ही रिकाम्या जागांत पारिजातकाची एक मोठी कुंडी बसते. मोजून बघा. जमिनीवर फुलं पडायला तेवढी मोकळी फरशीही ठेवा, नाहीतर सडा कुंड्यांच्या फटीत जाईल.

रानजाई

काका!! आज पहिल्यांदा मला तुमचं पटलं.

बाकाचं काय ठरलं, ओंमा?

ओंजळभर_माती

बाक येतोय. वीटही येतेय, कारण पाय दुरुस्त केला तर तो माझा बाक राहणार नाही असं माझं म्हणणं आहे. गॅलरीत तो लांबीला बसतो, कुंड्या त्याच्यासमोर. नवऱ्याने त्याच्यावर बसून बघितलं आणि तेराव्या कुंडीचा विषय मागे घेतला.

बोटभर_रोप

अळ्यांचं सांगा ना.

ओंजळभर_माती

सांगते. आठ दिवस झाले, दोघींचे कोष झालेत. एक फांदीवर, हिरवा. दुसरी भलतीकडे चालत गेली आणि बाकाच्या पाठीला चिकटली, ती तपकिरी. कमरेला एका रेशमी धाग्याचा पट्टा आणि शेपटीकडे टेकू, बाकी नुसतं रेललेलं.

सामान परवा सकाळी दहाला हलतंय. कुंडी मी मांडीवर घेऊन रिक्षाने जाईन, त्याची काळजी नाही. बाकाचं कोडं आहे, तो टेंपोत जाणार. रानजाई, हलवला तर चालेल का?

रानजाई

चालेल, जपून. पाठ वरच्या बाजूलाच राहू दे, आडवा टाकू नका. त्याच्यावर चादर नको, काही टेकवूही नका. कोष काळपट पडला आणि आतली पंखांची नक्षी दिसायला लागली तर मात्र हलवू नका, काही तासांचा प्रश्न असतो. बाहेर आल्यावर पंख लोंबते ठेवायला त्याला मोकळी जागा लागते, तास-दोन तास. तेवढ्यात धक्का बसून पडलं तर पंख चुरगळलेलेच सुकतात.

ओंजळभर_माती

सकाळचे साडेसहा. हिरवा कोष अजून हिरवाच आहे. बाकावरचा काळा झालाय, पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ आतून स्पष्ट दिसतेय.

टेंपोवाल्याला फोन केला. बारा वाजता ये म्हटलं. का, विचारलं त्याने. बाक रिकामा नाही म्हटलं.